हर्पीज, ओरल आणि 'बाहेरून आणलंस का?' हा प्रश्न

आडवाट
नेहमीच्या आयडीने हे लिहायची हिंमत होत नाही, म्हणून नवा आयडी काढलाय. संपादक मंडळाला विनंती, धागा उडवू नका. प्रश्न खरा आहे.

लग्नाला दोनेक वर्षं झाली, राहायला पुण्यात. गेल्या महिन्यात बायकोला एकाएकी ताप आला, जांघेत गाठी आल्या आणि लघवीला जाताना अंगावर काटा यावा इतकी आग. आधी वाटलं उन्हाळी लागली असेल. सब्जा झाला, धण्याचं पाणी झालं. मग फोड दिसले. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी बघितल्या बघितल्या हर्पीजचा संशय घेतला आणि फोडातलं पाणी पीसीआरला पाठवलं. हर्पीजच्या विषाणूचे दोन प्रकार असतात म्हणे, टाइप १ आणि टाइप २. रिपोर्टमध्ये एचएसव्ही-१ पॉझिटिव्ह, एचएसव्ही-२ निगेटिव्ह. गोळ्यांचा कोर्स झाला, आता ती बरी आहे.

दुखणं ओसरलं, पण घरातला ताण ओसरत नाहीये. मी लग्नाआधी कुणाबरोबर नव्हतो, नंतरही नाही. तिचंही तसंच, आणि त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तिच्या ताईने फोनवर ऐकवलं की असले रोग घरात उगवत नाहीत, कुणीतरी बाहेरून आणतं, नवऱ्याला विचार. ती विचारत नाही, आणि बोलतही नाही. डॉक्टर बाईंना विचारलं तर 'संबंधातून येतो, दोघांनी जपा' इतकंच म्हणाल्या. बाहेर वीस बायका खोळंबल्या होत्या, त्यांना तरी काय दोष द्यायचा.

आमच्यात ओरल, म्हणजे मुखमैथुन, असतं. त्यातून हे येतं का? आणि येत असेल तर मुळात माझ्या तोंडात कुठून आलं?

टवाळ_कार्टं
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

संपादक_२
टवाळ_कार्टं, या धाग्यावर हे नको. पुढचा प्रतिसाद असाच आला तर उडेल.

लीड्सकर
मी इंग्लंडात लीड्सला लैंगिक आरोग्याच्या दवाखान्यात नर्स आहे. बाकी सगळं बाजूला ठेवून एक विचारते. तुमच्या दोघांपैकी कुणाच्या ओठावर ताप फुटतो का? म्हणजे तापातून उठल्यावर, उन्हातून आल्यावर किंवा जागरणं झाली की ओठाच्या कडेला बारीक पाणीदार फोडांचा पुंजका येतो, आणि दोन-चार दिवसांत पिवळट खपली धरते?

आडवाट
मला येतो. शाळेत असल्यापासून. आई म्हणायची 'जर मुतला', आणि तूप लावायची. अजूनही वर्षातून एखाददोनदा येतोच. पण त्याचा इथे काय संबंध? घरात बाबांनाही येतो.

लीड्सकर
संबंध आहे, आणि सगळा तिथेच आहे.

ओठावर जो ताप फुटतो तोच हर्पीज. एचएसव्ही-१. बाबांनाही येतो म्हणालात, तेव्हा तुम्हाला तो बहुधा अगदी लहानपणी घरातल्याच कुणाच्या पाप्यांतून मिळाला असणार. जगातल्या बहुतेकांना असाच मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने ५० वर्षांखालच्या सुमारे ३८० कोटी लोकांत, म्हणजे शंभरातल्या ६४ जणांत हा विषाणू आहे. त्यातल्या बऱ्याच जणांच्या ओठावर आयुष्यात एकही फोड येत नाही, त्यामुळे आपल्याला आहे हे त्यांना ठाऊकच नसतं.

एकदा आत शिरला की तो नसेच्या मुळाशी जाऊन बसतो. तोंडातून शिरला तर कानाजवळच्या नसगाठीत, खालून शिरला तर माकडहाडाजवळच्या. अधूनमधून नसेवरून परत त्वचेवर येतो. कधी फोड होतात, कधी काहीच दिसत नाही, पण त्या काळात तो त्वचेवर आणि थुंकीत असतो. तेव्हा तुमच्या तोंडाचा तिच्या नाजूक त्वचेशी संपर्क आला की तो तिकडे जाऊ शकतो. वीर्य लागत नाही, रक्त लागत नाही. त्वचेला त्वचा लागली की झालं.

आता उरला प्रश्न हा की तिलाच का. सरळ आहे, तिला लहानपणी तो मिळाला नव्हता. ज्याच्या शरीरात एचएसव्ही-१ आधीपासून आहे, त्याला तोच विषाणू दुसऱ्या जागी नव्याने लागणं फारच दुर्मीळ, कारण अँटीबॉडी तयार असतात. ताप, जांघेतल्या गाठी, इतकी आग हे सगळं आयुष्यातल्या पहिल्या लागणीसारखं दिसतंय. आमच्या दवाखान्यात विशी-पंचविशीतली मुलं-मुली पहिल्यांदा हर्पीज घेऊन येतात, तेव्हा त्यांत टाइप १ इतका असतो की आता कुणाला आश्चर्य वाटत नाही. अमेरिकेत १४ ते ४९ वयाच्या लोकांमध्ये एचएसव्ही-१ असणाऱ्यांचं प्रमाण १९९९-२००० मध्ये सुमारे ५९ टक्के होतं, ते २०१५-१६ पर्यंत ४८ वर आलं. म्हणजे पुष्कळ मुलं संरक्षणाशिवाय मोठी होतात आणि विषाणूशी त्यांची पहिली गाठ ओरलमधून पडते. जगभरात १५ ते ४९ वयातल्या सुमारे ३७.६ कोटी लोकांना जननेंद्रियाच्या जागी असलेला हर्पीज टाइप १ चा आहे, असा संघटनेचा अंदाज आहे.

तुमच्या ताईंना सांगा, रोग घरातही उगवतो. वरच्या ओठावर.

सदाफुली
शेवटच्या वाक्याला दंडवत. वाचनखूण साठवली.

त्वचावैद्य
मी नाशिकला त्वचारोग आणि गुप्तरोगाची प्रॅक्टिस करतो. पाटीवरच्या 'गुप्तरोग' या शब्दामुळे अर्धे पेशंट जिन्यावरून परत फिरतात. पण तो विषय वेगळा.

लीड्सकर यांच्याशी सहमत, फक्त एक सांगायला हवं. पीसीआरने विषाणू कोणता ते कळतं, तो कुणाकडून आला ते कळत नाही. तेव्हा या रिपोर्टवरून कुणाचं चारित्र्य सिद्ध होत नाही आणि डागाळतही नाही. पण तुम्हाला लहानपणापासून ओठावर ताप फुटतो, तुमच्यात ओरल आहे आणि तिला नेमका टाइप १ निघालाय, एवढं समोर असताना तिसरी व्यक्ती शोधायची गरजच पडत नाही. माझ्याकडे असं जोडपं आलं तर मी दोघांना शेजारी बसवून हेच सांगतो, आणि एकाला बाहेर थांबवून दुसऱ्याला सांगत नाही.

दिलासा देणारी गोष्ट म्हणजे टाइप १ ला खालच्या जागेत फारसं करमत नाही. टाइप २ पहिल्या वर्षी चार-पाच वेळा उठू शकतो. टाइप १ सरासरी एकदा, पुढे त्याहून कमी, आणि बऱ्याच जणींना पुन्हा कधीच नाही. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ साली याचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या लागणीनंतर दोन महिन्यांनी सुमारे १२ टक्के दिवशी त्वचेवर विषाणू सापडत होता, अकरा महिन्यांनी ७ टक्के दिवशी. टाइप २ मध्ये लक्षणं असलेल्यांत हेच प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास असतं, लक्षणं नसलेल्यांत १० च्या. त्यामुळे रिपोर्टवर कोणता टाइप आहे हे बघणं महत्त्वाचं. नुसतं 'हर्पीज' लिहिलेल्या चिठ्ठीवर समाधान मानू नका.

माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कितीतरी जण मेडिकलवाल्याकडून ट्यूब आणून लावून आलेले असतात. खाज, जळजळ, चट्टा, सगळ्याला एकच ट्यूब, त्यात स्टेरॉइड असतं. हर्पीजच्या फोडावर ते लावलं की फोड पसरतात, लवकर भरत नाहीत आणि मग आम्हालाही ओळखता येत नाहीत. फोड ताजा असताना, शक्यतो पहिल्या एक-दोन दिवसांत दाखवा. खपली धरल्यावर तपासणीत विषाणू सहसा हाती लागत नाही. पहिल्या लागणीत अ‍ॅसायक्लोव्हिर किंवा व्हॅलॅसायक्लोव्हिरच्या गोळ्या ७ ते १० दिवस देतात, जितक्या लवकर सुरू होतील तितकं बरं. मलमाचा उपयोग नगण्य.

टवाळ_कार्टं
आता खराखुरा प्रश्न. म्हणजे हा पागडीचा भाडेकरू आहे तर. एकदा आत आला की निघत नाही, गोळ्या दिल्या की फक्त दंगा कमी करतो?

त्वचावैद्य
हो. उपमा चांगली आहे, पेशंटना सांगायला चोरतो.

जुनेजाणते
आमच्या काळी हे असले प्रकार नव्हते आणि हे रोगही नव्हते. परदेशी सिनेमे बघून तोंड कुठेही घालायचं आणि मग धागे काढायचे. संयम नावाची गोष्ट आहे की नाही?

सदाफुली
काका, तुमच्या काळी ओठावर जर मुतत नव्हता? मग तूप कशाला लावायचे?

मांडवीकाठ
काका, प्रकार तेव्हाही होते. रिपोर्ट नव्हते.

माझी एक शंका. मला वरचेवर तोंड येतं, गालाच्या आतून, जिभेवर, पांढरे खड्डे पडतात. बी कॉम्प्लेक्स खाल्लं की बरं वाटतं. हे वाचून नवऱ्याला हात लावू देईना झालेय. हा पण हर्पीज का?

लीड्सकर
नाही, नाही. तोंड येणं वेगळं. गालाच्या आत, जिभेवर, ओठाच्या आतल्या मऊ भागात येणारे पांढरट खड्डे हे बहुतेक वेळा साधे व्रण असतात, ते कुणालाही लागत नाहीत. हर्पीज बहुधा ओठाच्या बाहेरच्या कडेवर येतो, आधी चुणचुण, मग फोडांचा झुबका, मग खपली. लहान मुलांच्या पहिल्या लागणीत मात्र तो तोंडभर, हिरड्यांवरही येतो.

निवांत_पाटील
नागीण पण हर्पीजच ना? माझ्या सासऱ्यांच्या कमरेला नागीण उठली होती, फाईलवर डॉक्टरने हर्पीज लिहिलं आणि मेहुण्याने वाचून घरात बॉम्ब टाकला. सासरे वय ७२. त्या बिचाऱ्यांनी आठवडाभर कुणाच्या नजरेला नजर दिली नाही.

त्वचावैद्य
नागीण म्हणजे हर्पीज झोस्टर. तो कांजिण्यांचा विषाणू, लहानपणी कांजिण्या झाल्यावर शरीरात राहिलेला. शरीरसंबंधाशी त्याचा काडीचा संबंध नाही. सासऱ्यांची जाहीर माफी मागा. आणि वेटोळं पूर्ण झालं की माणूस जातो हेही खोटं, नागीण साधारणपणे शरीराच्या एकाच बाजूला राहते.

घाबरलेला_गडी
धागा हायजॅक करतोय, क्षमस्व. अविवाहित, वय २६. मुंबईत एका ठिकाणी पैसे देऊन ओरल करून घेतलं, म्हणजे माझ्यावर, कंडोमशिवाय. तीन आठवडे होऊन गेले. फोड वगैरे काही नाही, पण रोज आरशात बघतो, मोबाईलच्या टॉर्चने बघतो. झोप उडालीये. जालावर एक ठिकाणी लिहिलंय धोका नाही, दुसरीकडे लिहिलंय नक्की होतो. लॅबवाला म्हणतो 'हर्पीज आयजीएम' करून घ्या, सूट चालू आहे. करू का?

त्वचावैद्य
आयजीएमवर एक पैसा घालवू नका. सूट असो नसो.

आयजीएम आणि आयजीजी या रक्तातल्या दोन प्रकारच्या अँटीबॉडी. हर्पीजची आयजीएम चाचणी जुनी लागण की नवी हे सांगू शकत नाही. जुना विषाणू जागा झाला की ती पुन्हा पॉझिटिव्ह येते, आणि दुसऱ्याच विषाणूमुळेही खोटी पॉझिटिव्ह येते. आयजीजीचंही ऐकून घ्या. ती पॉझिटिव्ह यायला बारा आठवड्यांपर्यंत वेळ लागू शकतो. टाइप १ ची आली तर त्याचा अर्थ तुम्ही त्या साठ-सत्तर टक्क्यांतले आहात, एवढाच. विषाणू ओठात आहे की खाली, हे रक्त सांगत नाही. टाइप २ ची आली आणि रिपोर्टवरचा आकडा १.१ ते ३ च्या मध्ये असला, तर ती खोटी असण्याची शक्यता मोठी असते. अशा रिपोर्टने मोडलेली लग्नं मी पाहिली आहेत. लक्षणं नसलेल्या माणसांनी सरसकट ही रक्तचाचणी करू नये, असंच अमेरिकेतल्या प्रतिबंधक सेवांच्या तज्ज्ञमंडळाने २०१६ मध्ये सांगितलं आणि २०२३ मध्ये पुन्हा तेच सांगितलं.

तुमच्याबाबत बोलायचं तर हर्पीज उठायचा झाला तर बहुतेकदा २ ते १२ दिवसांत उठतो. तीन आठवडे कोरडे गेले, हे चांगलं लक्षण. लागण होऊनही लक्षणं न दिसणारे लोक असतात, पण त्यासाठी टॉर्च घेऊन बसण्यात अर्थ नाही. आणि एका वेळच्या ओरलमधून किती टक्के, असा भरवशाचा आकडा वैद्यकात कुणाकडेच नाही. तेव्हा जो साइटवर दशांश चिन्हापर्यंत टक्का लिहितो, त्याच्यावर विश्वास ठेवू नका. धोका ठरतो तो तीन गोष्टींवर. समोरच्याच्या ओठावर त्या वेळी फोड होता का, तुमच्यात टाइप १ आधीपासून आहे का, आणि मध्ये कंडोमसारखा काही आडपडदा होता का.

ओरलमधून तुम्ही ज्याची खरी तपासणी करायला हवी ते आहेत सिफिलिस आणि गोनोरिया. दोन्ही तोंडातून लागतात, दोन्ही औषधाने पूर्ण बरे होतात, आणि सगळे हर्पीजच्या नावाने घाबरून त्यांना विसरतात. एचआयव्हीचा धोका यात अगदी कमी, तरी मनाची खात्री म्हणून सरकारी केंद्रात ती चाचणी मोफत होते.

मुंबईकर_परिचारिका
वरच्याला जोडून. सरकारी रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' असतं, तिथे गुप्तरोगांची तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. औषधांची रंगीत किटं असतात, हर्पीजचं लाल, पाच नंबरचं, त्यात अ‍ॅसायक्लोव्हिर. फोनवर बोलायचं असेल तर १०९७ हा नॅकोचा, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा, मोफत नंबर आहे, मराठीत बोला. रेल्वे स्टेशनबाहेरच्या भिंतीवर ज्यांचे नंबर रंगवलेले असतात त्यांच्याकडे जाऊ नका. ते तुम्हाला आयुष्यभराचा धातुरोग लावून देतील.

घाबरलेला_गडी
धन्यवाद डॉक्टर, धन्यवाद ताई. उद्या जातो.

शमिका_ठाणे
आयजीएमवरून माझी जखम उघडी झाली. माझे दोन गर्भपात झाले तेव्हा 'टॉर्च' नावाची, गर्भाला अपाय करू शकणाऱ्या काही संसर्गांची रक्ततपासणी करायला सांगितली. त्यात हर्पीज आयजीएम पॉझिटिव्ह. सासूबाईंनी रिपोर्ट वाचून घेतला दुसऱ्याकडून. पुढचं सहा महिने जे ऐकलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून बाजूला ठेवला आणि म्हणाले याला काही अर्थ नाही. काही अर्थ नव्हता तर करायला का लावतात?

त्वचावैद्य
शमिकाताई, तुमचा राग योग्य आहे. वारंवार गर्भपात होणाऱ्या बाईची सरसकट टॉर्च तपासणी करण्याला फारसा वैद्यकीय आधार नाही, आणि तरी आपल्याकडे ती पॅकेजमध्ये येते म्हणून लिहिली जाते. तिच्यातल्या आयजीएमवरून कुणाला हर्पीज झालाय असं ठरवता येत नाही. एवढं लिहिणंच माझ्या हातात आहे.

आडवाट
सगळ्यांचे आभार. काल लीड्सकर यांचा प्रतिसाद बायकोला वाचायला दिला. तिने दोनदा वाचला आणि ताईला फॉरवर्ड केला. ताईचा अजून काही रिप्लाय नाही.

आता पुढचं विचारतो. आमच्यात यापुढे ओरल बंदच का? तिला आता झालाच आहे, तर माझ्याकडून पुन्हा धोका नाही ना? आणि तिच्याकडून मला?

लीड्सकर
तुम्हा दोघांकडे आता एकच विषाणू आहे, त्यामुळे त्याची देवघेव होण्याची चिंता जवळजवळ नाहीच. बंद करायचं कारण नाही. तरी कुणाच्याही फोडांच्या दिवसांत थांबा. त्या वेळी त्वचा उघडी असते आणि मुळात दुखतंच. ओठाला चुणचुण सुरू झाली की तिथपासून खपली गळून कातडी पूर्ण कोरी होईपर्यंत चुंबनही नको, ओरलही नको. साधारण दहा दिवस धरा. फोडाला हात लागला तर साबणाने धुवा आणि तो हात डोळ्याला लावू नका, डोळ्यातला हर्पीज गंभीर असतो.

हे तुमच्यापुरतं झालं. इतर वाचकांसाठी, ज्यांच्यात एकाला ओठाचा हर्पीज आहे आणि दुसऱ्याला आहे की नाही ठाऊक नाही, त्यांच्यासाठी फोडाच्या दिवसांत थांबणं हे सगळ्यात जास्त उपयोगाचं. धोका शून्य होत नाही, कारण फोडाशिवायही विषाणू बाहेर पडतो, पण फोड असताना तो प्रचंड जास्त असतो. पुरुषावर ओरल करताना कंडोम वापरता येतो, चवीचे कंडोम निघालेत ते यासाठीच. बाईवर करताना पातळ रबरी चौकोन मिळतो, पण भारतात मेडिकलवाल्याकडे मागितलात तर तो तुमच्याकडे बघत बसेल. साधा कंडोम दोन्ही टोकं कापून, मग लांबीत उभा कापून पसरला की तेच काम होतं. पूर्ण जागा झाकली जात नाही म्हणून संरक्षणही पूर्ण नाही, पण आहे.

कमोडची सीट, टॉवेल, पोहण्याचा तलाव यांतून लागत नाही. हे लिहून ठेवते, नाहीतर पुढचा प्रश्न तोच येणार.

अनामिक_सध्या
मला टाइप २ आहे, सात-आठ वर्षं. उलट्या बाजूने विचारतो. जोडीदाराने माझ्यावर ओरल केलं तर तिच्या तोंडाला लागू शकतं का? आणि सध्या घरचे स्थळं बघतायत. पत्रिकेत मंगळ लिहितात, हे कुठे लिहू?

लीड्सकर
लागू शकतं, पण टाइप २ ला तोंडात करमत नाही, तिथे तो क्वचित लागतो आणि लागला तरी क्वचितच पुन्हा उठतो. खरी काळजी नेहमीच्या संबंधांची. तिथे तीन गोष्टी एकमेकींवर चढवायच्या, फोडांत संबंध नाही, एरवी कंडोम, आणि रोजची गोळी. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत टाइप २ असलेल्याने रोज ५०० मिलिग्रॅम व्हॅलॅसायक्लोव्हिर घेतल्यावर जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्याने घटलं. डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.

वकिली_बाणा
लग्नाबद्दल कायद्याची बाजू. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्ये 'संसर्गजन्य स्वरूपातला गुप्तरोग' हे घटस्फोटाचं एक कारण अजूनही आहे. कुष्ठरोगही त्या यादीत होता, तो २०१९ मध्ये काढला, हा राहिला. म्हणजे लपवून लग्न केलंत तर उद्या तुमच्याच विरोधात कागद तयार. बायोडेटात लिहू नका, तो व्हॉट्सअ‍ॅपवर गावभर फिरतो. पण बोलणी पक्की होण्याआधी मुलीला समोरासमोर, एकटीला सांगा. तिच्या काकांना नव्हे.

अनामिक_सध्या
एकदा सांगून बघितलं होतं. तिने शांतपणे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी घरच्यांकडून 'पत्रिका जुळत नाही' असा निरोप आला. कुणाला काही बोलली नाही, याबद्दल मी तिचा आभारी आहे.

सदाफुली
ओठावरचा हा विषाणू ज्यांच्यात आहे त्या ३८० कोटींनी बायोडेटात लिहायचं ठरवलं तर वधूवर सूचक मंडळं बंद पडतील. जागा बदलली की लाज बदलते, एवढंच.

जुनेजाणते
थोडा वेळ वाचत होतो. माझ्या ओठावरही यायचा. मी संयमाबद्दल बोललो ते माझं मत आहे आणि राहील, पण त्या सासऱ्यांचं वाचून वाईट वाटलं.

आडवाटेची_अर्धांगी
मीच ती. हा आयडी काल काढला. ताईचं काय करायचं ते मी बघेन, त्यावर इथे चर्चा नको. मला डॉक्टरांना विचारायचंय. आम्ही पुढच्या वर्षी बाळाचा विचार करतोय. मला हे झालंय तर बाळाला काही होईल का? सीझरच करावं लागतं असं एका बाईने सांगितलं.

त्वचावैद्य
ताई, तुम्हाला लागण गरोदरपणाच्या आधी झाली, ही त्यातली चांगली बाजू. तुमच्या अँटीबॉडी वारेतून बाळाकडे जातात. अशा बायकांच्या बाळांना लागण होण्याचं प्रमाण एक टक्क्याहून कमी आहे. ज्यांना आयुष्यातली पहिली लागण शेवटच्या तिमाहीत होते, त्यांच्यात मात्र हे प्रमाण ३० ते ५० टक्के, आणि नवजात बाळाचा हर्पीज जिवावर बेतू शकतो. म्हणून गरोदर बाईला स्वतःला हर्पीज नसेल आणि नवऱ्याच्या ओठावर ताप फुटत असेल, तर शेवटच्या तीन महिन्यांत ओरल टाळायला सांगतात. हा सल्ला आपल्याकडे कुणी देताना मी ऐकलेला नाही, कारण तो विषय कुणी काढतच नाही.

सीझर सरसकट लागत नाही. कळा सुरू होताना खाली फोड किंवा चुणचुण असेल तरच करतात. छत्तिसाव्या आठवड्यापासून अ‍ॅसायक्लोव्हिर सुरू केलं की तशी वेळ येण्याची शक्यता कमी होते. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना पहिल्याच भेटीत सांगा आणि जुना पीसीआर रिपोर्ट फाईलला लावून ठेवा.

मांडवीकाठ
आणि बारशाला येणाऱ्या आत्या-मावश्यांचं काय? सगळ्या बाळाच्या तोंडाचे मुके घेतात.

लीड्सकर
ज्यांच्या ओठावर फोड आहे त्यांना बाळ हातात देऊ नका, निदान पहिले दोन महिने तरी. वाईट वाटलं तर वाटू दे. मी माझ्या सख्ख्या मामीला दारातच थांबवलं होतं.

निवांत_पाटील
ओठावर टूथपेस्ट लावली की फोड लवकर बसतो म्हणतात, खरं का?

त्वचावैद्य
नाही. कातडी भाजते फक्त. चुणचुण सुरू झाल्या झाल्या गोळी घेतली तर एखाददुसरा दिवस वाचतो. उन्हाने उठत असेल तर ओठाला सनस्क्रीनवाला बाम लावा. टूथपेस्ट दातांना.